ठेका मी चुकवला

मी सबवूफर बोलतोय. माझं तोंड मुळातच जमिनीकडे आहे. कारखान्यातच तसं बसवलेलं. तेव्हा मला ती नुसती रचना वाटायची. आता वाटतं, बरं झालं. जे सांगायचंय ते वर बघून सांगता आलं नसतं.

भुसा दाबून केलेल्या फळ्यांची पेटी, तिच्यात खालच्या बाजूला कागदी पडदा आणि पाठीला ॲम्प्लिफायर, एवढाच माझा देह. गाण्यातला बारीकसारीक नखरा बाकीच्या स्पीकरांनी सांभाळायचा. मी फक्त ठोका द्यायचा. माझ्या जातीच्या बऱ्याच जणांचं आयुष्य सोफ्यामागे धूळ खाण्यात जातं. माझं नशीब वेगळं होतं. मला दादाने घरी आणलं ते त्याच्या धाकट्या बहिणीसाठी.

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ वाचते, बोलतेही. बोलणं सपाट, पण शब्द स्वच्छ. आणि नाचते. दादाने खोलीत प्लायवूडचा मोठा तक्ता अंथरला, त्याच्या एका कोपऱ्यावर मला ठेवलं. मी ठोका दिला की तक्ता थरथरायचा आणि तो ठोका तिच्या तळव्यात शिरायचा. पहिल्या दिवशी ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आता कळलं तुम्ही सगळे माना कशाला हलवता."

त्या वाक्यावर मी दोन वर्षं छाती फुगवून काढली. तिच्या नृत्याच्या बाईंनी तिला नऊ जणींच्या गटात घेतलं. स्पर्धेत पहिली ओळ. ओळीत मधली जागा.

मग मी घुमायला लागलो.

भिंतीतून येणारी वीज हेलकावे खात येते. ते हेलकावे निवळून द्यायचं काम माझ्या पोटातले दोन कपॅसिटर करतात. ते थकले, फुगले. वीज गढूळ यायला लागली आणि माझ्या तोंडून सतत एक "घूंऽऽ" निघायला लागलं. गाणं असो वा नसो.

आई म्हणाली, "अरे, तो तुझा डबा का कण्हतोय?"

"अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार," दादा म्हणाला. त्याने दोन व्हिडिओ पाहिले आणि पक्कड आणून माझ्या प्लगची तिसरी, जाडी पिन मोडून टाकली. मी घुमतच राहिलो. मग त्याने माझं बटण फिरवून आवाज निम्म्यावर आणला. इथे खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. त्या बटणाने गाण्याचा ठोका लहान झाला. घुमणं जसंच्या तसं राहिलं, कारण ते गाण्याच्या वाटेने येतच नव्हतं.

"सवय होईल," दादा म्हणाला. "आणि बरंय, धाकटीला तरी त्रास नाही."

आई हसली. मीही, काय सांगू, सुटल्यासारखा झालो. माणसं त्रासाची सवय लावून घेतात आणि तिला समजूतदारपणा म्हणतात. मला ती सवय फारच सोयीची पडली.

तक्त्यावर आता कायम थरथर असायची आणि तिच्यात दबलेला, मरतुकडा ठोका. धाकटी एका मात्रेने मागे पडायला लागली. पाय आपटून पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा चुकायची. मला थांबता येत नव्हतं. ज्या तळव्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, त्यांनाच मी फसवत होतो, आणि शिव्या तिला बसत होत्या.

"लक्ष कुठे असतं तुझं?" आई विचारायची. "तोच नाच आहे ना गं?"

दोन महिने असे गेले. एका रविवारी ती बाईंकडे जाऊन आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. माझ्याने ठेका धरवत नाही."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी घुमत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आला. तो पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतो. दारातच थबकला. "हे काय गिरणी चालू ठेवलीये घरात?"

धाकटी तक्त्यावर बसली होती, हात टेकून. मामाने मला येणारी गाण्याची केबल उपटली. मी घुमतोच. बटण शून्यावर. तरी घुमतोच. "म्हणजे दुखणं आतलं आहे," मामा म्हणाला. मग त्याची नजर प्लगकडे गेली. "ही पिन कोणी मोडली? शहाण्या, उद्या याच्या अंगात करंट उतरला तर आधी कोणाला बसेल? जी याला चिकटून बसते तिला."

त्याने मला बंद केलं.

धाकटीने चमकून वर पाहिलं. "गाणं का थांबवलं?"

मामाने दादाकडे बघितलं. दादाचा मोबाइल त्याच्या खिशात होता. सकाळपासून घरात एकही गाणं लागलं नव्हतं.

"गाणं नव्हतंच गं," मामा तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाला. "हा बिघडलाय. नुसताच घुमतो."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील," दादा पुटपुटला.

तिने त्याचे ओठ वाचले. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

आई पदराशी चाळा करत राहिली. खरं सांगतो, वीज नसतानाही मला माझं घुमणं ऐकू येत होतं.

मामाने माझ्या आत साठलेली वीज उतरायला वेळ दिला, मला उघडलं, फुगलेले दोन्ही कपॅसिटर काढून नवे झाळले, प्लगही नवा तीन पिनांचा लावला. मी गप्प झालो. मामाने बटण पुन्हा पूर्वीच्या जागी आणून गाणं लावलं. धाकटी उठली आणि पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकदाही चुकली नाही. नाच संपल्यावर कोणाकडेही न बघता खाली बसली.

दादाने घाईघाईने बाईंना मेसेज लिहिला आणि तिला दाखवला: "मशीन बिघडलं होतं, म्हणून तिचा ठेका चुकत होता."

तिने वाचलं. मोबाइल परत त्याच्या हातात दिला. "मशीन बोलू शकत नाही. तुम्ही बोलू शकत होता. ते लिही."

दादाचे कान लाल झाले. त्याने सगळं पुसलं आणि लिहिलं: "बिघाड आम्हाला ऐकू येत होता. आम्ही तिला सांगितलं नाही." तिने मान हलवली तेव्हाच पाठवलं.

बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. मधली जागा कदाचित दुसरीला गेलीही असेल. ती रोज सराव करते. सुरू करण्याआधी माझ्यावर तळहात ठेवते, मी गप्प आहे ना ते तपासते. पूर्वी असं तपासत नव्हती. तो हात आला की मला लाज वाटते.

तुमच्या घरातही काहीतरी घुमत असेल. तुम्हाला सवय झाली असेल. ज्याला ते ऐकू येत नाही, त्याला आजच सांगा.