मागची सीट

पडायचंच होतं तर डेटलेफने एखाद्या अवघड घाटात पडायला हवं होतं. तो पडला आल्प्समधल्या झार्नटालच्या दरीत, एका खानावळीसमोरच्या उतरत्या खडीवर, आणि तेही गाडी उभी असताना. पाय खाली टेकवला, खडी सरकली, आणि सामानाने लादलेली ती अवजड मोटरसायकल कंटाळल्यासारखी आडवी झाली. तिच्याबरोबर डेटलेफही. मागे बसणारी त्याची बायको, वीबके, तेवढ्यात उतरली होती म्हणून वाचली.

गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. डेटलेफचं उजवं मनगट मात्र संध्याकाळपर्यंत टम्म सुजलं. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं, घट्ट पट्टी बांधली आणि दोन आठवडे गाडीच्या मुठीला हात लावायचा नाही, असं बजावलं.

दर जूनमध्ये आपल्या ओस्नाब्रुक गावाहून ही चार जणं मोटरसायकलींवरून निघायची. सगळ्यांत पुढे त्यांचा मित्र हार्टमुट, कारण नकाशा त्याच्या डोक्यात असे. सगळ्यांत मागे त्याची बायको युटा, स्वतःच्या गाडीवर. मध्ये डेटलेफ आणि त्याच्या पाठीला टेकून वीबके. वीसेक वर्षं हा क्रम कधी मोडला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला हार्टमुटने सगळी सोय लावून टाकली. गाडी ट्रकमधून घरी जाईल, डेटलेफ आणि वीबके आगगाडीने जातील, वाईट वाटतंय पण इलाज नाही. वीबके सूपमधला पावाचा गोळा चमच्याने फोडत होती. तो नीट चार भागांत फोडून झाल्यावर ती म्हणाली, "गाडी मी चालवते."

परवाना तिच्याकडे होता, हे सगळ्यांना माहीत होतं. घरी ती रोज एका हलक्या गाडीवरून औषधांच्या दुकानात कामाला जायची. पण ही मोठी गाडी तिला पेलणार नाही, असं डेटलेफने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि दोन-तीनदा विचारून झाल्यावर तिनेही विषय सोडून दिला होता.

"अगं, ती फार जड आहे," डेटलेफ म्हणाला. "एकदा कलली की सावरत नाही."

"आजवर ती फक्त तुझ्याच हातून पडलीये," वीबके म्हणाली.

युटाला ठसका लागला. हार्टमुटने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि ट्रकचा विषय तिथेच संपला.

सकाळी खानावळीच्या आवारात वीबकेने एकटीने चार फेऱ्या मारल्या. मग डेटलेफ मागे चढला. तो इतका वाईट प्रवासी निघाला, की पहिल्याच गावात तिला त्याला उतरवून ठेवावंसं वाटलं. प्रत्येक ब्रेकला त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटत होतं. वळणावर ती आत झुकली की तो बाहेर झुकायचा. शिवाय कानातल्या यंत्रातून त्याचं प्रवचन अखंड चालू होतं: आता दुसरा गियर, आता जरा बाहेरून घे, बघ, पुढे सायकलवाला आहे. तिने गाडी कडेला घेतली, यंत्राचं बटण बंद केलं आणि मागे वळून म्हणाली, "डेटलेफ, तू आता बटाट्याचं पोतं आहेस. पोतं बोलत नाही आणि हलत नाही."

पेन्सर घाटाच्या वरच्या टप्प्यात एका पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला आणि सगळा रस्ता त्याने व्यापला. वीबकेला ऐन वळणात, चढावर थांबावं लागलं. उतरत्या बाजूला तिचा पाय जमिनीला पुरेना. गाडी हळूहळू त्या बाजूला कलायला लागली. अशा वेळी मागच्याने हालचाल केली की संपलं, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. डेटलेफ मागे कधी बसलाच नव्हता. पण तो हलला नाही. तिच्या कमरेवरचा त्याचा डावा हात नुसता तिथेच राहिला. टँकर सरकला, तिने मूठ पिळली, क्लच सोडला, आणि गाडी सरळ होऊन चढायला लागली.

माथ्यावर तिने गाडी उभी केली. डेटलेफचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी पाय टेकवणारच होतो," तो म्हणाला. "मग आठवलं, पोत्याला पाय नसतात."

माथ्यावरच्या टपरीत सफरचंदाचा केक खाताना त्याला कंठ फुटला. खाली कुरणात एक म्हातारी कमरेला दोर बांधून उभ्या उतारावर गवत कापत होती, ती पाहिलीस का, त्याने विचारलं. आणि लाकडी चर्चवर चढलेलं करडू? वीबकेने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तिला दिसलं होतं ते डांबर, हार्टमुटचा मागचा लाल दिवा आणि पुढचं वळण.

"इतकी वर्षं तू हे सगळं बघत यायचीस?" तो म्हणाला. "आणि मी समजत होतो, बिचारी मागे कंटाळत असेल. म्हणून तर मी इतक्या घाईने पळवायचो."

ती घाई त्याची हौस आहे, असं समजून वीबकेने आयुष्यभर दात आवळून सोसली होती. तिने त्याच्या पुढ्यातला उरलेला केक ओढून घेतला आणि खाऊन टाकला.

पुढचे दिवस छान गेले. याउफेनच्या घाटात तिने गाडी अशी चढवली, की वर पोचल्यावर हार्टमुटने तिच्याशी हात मिळवला. डेटलेफही सुधारला. तिच्याबरोबर झुकायला लागला, आणि बोट दाखवायचं झालं तर गाडी थांबेपर्यंत धीर धरायला शिकला. पण ऑस्ट्रिया ओलांडता ओलांडता वीबकेचे खांदे भरून आले. एका पेट्रोल पंपावर तिने युटाला बाजूला घेतलं. त्याला सांगू नकोस, म्हणाली, पण मला मागची सीट आठवतेय. संबंध आल्प्स पार केले आणि एक डोंगर धड पाहिला नाही.

युटा इतकी हसली, की पंपावरची माणसं वळून पाहू लागली. डेटलेफने त्याच सकाळी हार्टमुटला विचारलं होतं, की मनगट जरा उशिरा बरं व्हावं यासाठी काही करता येतं का.

मनगट वेळेवर बरं झालं. पुढच्या जूनमध्ये चौघं परत निघाली. पहिल्या सकाळी अंगणात डेटलेफ आणि वीबके गाडीच्या दोन बाजूंना हेल्मेट घालून उभी राहिली, आणि पुढे बसायला दोघांपैकी कुणीच तयार होईना. शेवटी घाट तिने चालवायचे आणि सपाटी त्याने, असं ठरलं. हार्टमुटने त्या वर्षी दोघांना विचारून मार्ग आखला, आणि पहिल्यांदाच त्यात दर तासाला एक थांबा होता.