डावा क्रँक

दीपमालानं सायकलच्या मागच्या फोर्कला मापायचा व्हर्नियर लावला, आकडा वाचला आणि कपाळाला हात मारून घेतला. गिअरचं नवं चाक काही केल्या आत बसणार नव्हतं. फोर्कमधल्या जागेपेक्षा त्याचा एक्सल बोटभर लांब होता.

चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर पार्ट मापायचे, जोडीतल्या दोघांत केसभर फरक दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायचे. घरी आल्यावरही डोळा तोच. ताटातल्या दोन भाकऱ्यासुद्धा पास-नापास करते, असं अप्पा चिडवायचे.

अप्पा म्हणजे तिचे वडील, सोपानराव. उदगीरकडून आलेला, उभा जन्म प्रेस शॉपमध्ये काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर रोज सायकलवर काळेवाडीहून निगडीला जायचे. तिथल्या बागेत कंपनीतले जुने सोबती जमत. दिवाळीनंतर चढ झेपत नाही म्हणाले आणि जाणंच थांबलं. तेव्हापासून अप्पा टीव्हीसमोर बसून असत, टीव्ही बंद असला तरी. दीपमालाच्या जिवाला घोर लागला होता. चढच नडतोय ना, मग गिअर लावू, इतकं सरळ होतं ते तिच्या लेखी.

सरळ कसलं डोंबलाचं! चाकासाठी फोर्क फाकवून घ्यावा लागला. नव्या रिमला जुने दांड्याचे ब्रेक चालेनात, म्हणून तारेचे आणले. गिअरची बारीक चेन पुढच्या जाड दात्यांवर बसेना, म्हणून क्रँकसकट पुढचा अख्खा सेट बदलणं आलं. एकाची समजूत काढावी तर दुसरं रुसून बसे. काळेवाडीतला सायकलवाला बुद्धरत्न म्हणाला, ताई, नवीच घ्या ना, सुटाल एकदाच्या. पण अप्पांना दुसरी सायकल नको होती, आणि खरं सांगायचं तर दीपमालालाही यात गंमत वाटायला लागली होती. कोण कुणाशी जुळतं आणि का जुळत नाही, याचाच विचार तिच्या डोक्यात कंपनीच्या बसमध्येही चालू असे.

अप्पा दारात उभे राहून बघत.

"येवढं कशाला करायलीस माय?"

"तुम्ही निगडीला जावं म्हणून," ती म्हणाली.

रविवारी सायकल तयार झाली. अप्पांनी गिअर करकर फिरवून पाहिले, खुदकन हसले आणि टांग मारली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परतताना मात्र सायकल हातात धरून चालत आले. सायकल झकास झाली म्हणाले, ऊनच फार आहे आज. दुसऱ्या दिवशी वारा होता. त्यानंतर कारणही सांगेनात. सायकल भिंतीला टेकून राहिली.

दीपमालाला आधी राग आला, मग रडू, आणि मग तिचं ते क्वालिटीचं डोकं जागं झालं. कुठंतरी चुकलंय खास. तिनं सीट, हँडल, चेन सगळं पुन्हा तपासलं. सगळं चोख. शेवटी काढलेल्या जुन्या सामानाची गोणी उपसली आणि दोन्ही क्रँक, म्हणजे पेडल ज्यांच्या टोकाला बसतात ते दांडे, फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

डावा आखूड होता. चांगला दोन बोटं आखूड.

ही काही झीज नव्हती. तो लहान मुलांच्या सायकलचा क्रँक होता, कुणीतरी मुद्दाम आणून बसवलेला. त्याला एक्सलवर घट्ट धरणारी पिनसुद्धा कानशीनं बेतानं घासलेली होती, आणि अशी सफाई घरात एकाच माणसाच्या हाताला होती. कंपनीत असती तर तिनं ही जोडी न बघता लाल ट्रेमध्ये टाकली असती.

आतल्या खोलीत अप्पा जमिनीवरून उठत होते. डावा पाय पुढं लांब सोडलेला, भार सगळा उजव्यावर. लहानपणापासून ती हे बघत आली होती, अप्पांची उठायची तऱ्हा म्हणून. दांडा आखूड असला की पाय कमी वर येतो आणि गुडघा कमी वाकवावा लागतो. प्रेसवर काहीतरी झालं असणार. कळलं तर मशीनवरून काढतील म्हणून तेव्हा लपवलं असेल, आणि पुढं लपवायची सवयच पडली असेल. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला दिसू नये?

विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं तर अप्पा हसून उडवून लावतील आणि सायकल विकून टाक म्हणतील, हेही ती जाणून होती. ती उठली आणि तडक बुद्धरत्नच्या दुकानात गेली. लहान मुलांच्या गिअरच्या सायकलचा डावा क्रँक हवाय म्हणाली. जोड बिघडेल ताई, असं तो परोपरीनं सांगत राहिला. बिघडू दे, म्हणाली. त्याचं चौकोनी भोक पुढच्या नव्या सेटच्या एक्सलवर बरोबर बसलं, डाव्या पेडलचे उलटे आटेही जुळले.

दुपारी अप्पा झोपलेले असताना तिनं तो चढवला. संध्याकाळी सहज म्हणावं तसं म्हणाली, चेन जरा ओढून घेतलीय, बघता का चालवून?

अप्पा बसले. पेडलचा एक फेरा पुरा झाला, मग दुसरा. गल्लीचं टोक आलं तरी ते वळले नाहीत. निगडीच्या रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले.

दिवे लागल्यावर परत आले, शर्ट घामानं भिजलेला. सायकल स्टँडवर लावली आणि कमरेत वाकून उजव्या क्रँकवरून हात फिरवला. मग डाव्यावरून. तो हात तिथंच थोडा वेळ थांबला.

"दोन्ही बाजू बरोबर बसवल्यास ना माय?"

"हो अप्पा. मापूनच बसवल्यात."

अप्पा सावकाश सरळ झाले. मग दीपमालाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि घराची पायरी चढताना पहिल्यांदाच सगळा भार तिच्यावर टाकला.