कोलशेतची ताडाची तोफ

मित्रांनो, मी एक जुना ताड आहे. म्हणजे अर्धा ताड. त्यातही उभा नाही, आडवा. कोलशेतला तुळसाच्या अंगणात, गोठ्याच्या कुडाला लागून माझा मुक्काम असतो. तुम्ही येता-जाता माझ्यावर बसून पायातले काटे काढता, तेव्हा आपण कोणावर बसलो आहोत याची तुम्हाला कल्पना नसते. तुमचा दोष नाही. तोफ अशी गोठ्याशेजारी पडलेली असेल असं कोणाला वाटणार? पण मी तोफ होतो. पुरे पाच महिने अकरा दिवस.

माझा जन्म खाडीकाठचा. तरुणपणी मी उंच, सरळ आणि काहीही काम न करणारा होतो. माझी ताडी मात्र लोक आवडीने पीत आणि प्यायल्यावर बुंध्याला टेकून मनातलं बोलत. गावाची सगळी गुपितं मला ठाऊक होती. मी ती कधी फोडली नाहीत, कारण मला बोलता येत नव्हतं. पुष्कळ मोठ्या माणसांची अब्रू याच एका कारणाने टिकून असते.

एका वर्षी वीज पडली आणि माझा शेंडा गेला. तेव्हा गावातल्या सखुबाईच्या नवऱ्याने मला तोडलं, आतून पोखरून आरपार पोकळ केलं आणि आपल्या मिठागराच्या बांधात बसवलं. माझं नाव पडलं पन्हळ. भरती आली की एका तोंडाने खाडी प्यायची आणि दुसऱ्या तोंडाने मिठागरात सोडायची, एवढंच काम. पण ते मी असं केलं की लोक म्हणत, पन्हळ असावा तर सखुबाईचा. पुढे तिचा नवरा वारला. मिठागर, मी आणि एकुलती एक लेक तुळसा, तिघांना सखुबाईने एकटीने सांभाळलं. तिघांवर ती सारखीच ओरडायची.

आता गोष्ट सुरू होते ती १८६७ सालच्या दिवाळीनंतर. तुळसाचं लग्न परशुरामशी ठरलं होतं. परशुराम भिवा तांडेलाच्या गलबतावर खलाशी होता. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. भिवा दर वर्षी कल्याण बंदरात तांदूळ आणि बांबू भरायचा, खाडीने खाली उतरायचा आणि समुद्र ओलांडून मस्कतच्याही पुढे आखातात जायचा. येताना खजूर आणायचा. पण त्या वर्षी आखातात दोन शेखांचं बिनसलं. भांडण त्यांचं, वाळवंट त्यांचं, लुटली जात होती ती मात्र व्यापारी गलबतं. लढणाऱ्यांना शत्रूपेक्षा तांदूळ लवकर सापडत होता. कल्याण बंदरात बातमी आली की एक गलबत जाळलं, दुसऱ्याचं शीड आणि माल काढून घेतला आणि खलाशांना नेसत्या लंगोटीनिशी सोडून दिलं.

सखुबाई तडक भिवाच्या दारात.

"तांडेल, माजा जावय जायाचा नाय."

"वयनी, अजून तो जावय झाला नाय."

"तेच सांगतंय. लगीन ठरलं आन नवरा बुडला, तर माज्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हनतील. मंग तिला कोन करील? तू करशील?"

भिवाचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती, म्हणून तो गप्प बसला. परशुराम दाराआड उभा होता, तो हळूच म्हणाला, "मामी, मी नाय गेलो तर माजी जागा जाईल."

"जागा गेली तर बिनकामाच्या पोराला मी पोर देयाची नाय," सखुबाई म्हणाली.

म्हणजे गेला तर पंचाईत, न गेला तरी पंचाईत. शेवटी तोडगाही तिनेच काढला. "गलबतावर तोफ ठेव. चांगली लांब नळीची. तोफ असल तर जाऊ दे त्याला."

मित्रांनो, सत्तावन्नच्या बंडानंतर सरकारने हत्यारांना परवाना लावला होता. तोफेसाठी अर्ज करायचा, कोणा साहेबाने ती कशाला हवी म्हणून विचारायचं, आपण आखातातलं भांडण त्याला समजावून सांगायचं. भिवाच्या हिशेबाने तेवढ्यात नवरा-नवरी आजी-आजोबा झाले असते. त्याने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवून गाव आडवं झालं असताना आणि खाडीला ओहोटी असताना, तो परशुराम आणि काळुराम यांना घेऊन सखुबाईच्या बांधावर आला. काळुराम हा गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. तिघांनी मला उपटलं, भोकात चिखल थापला आणि मला घेऊन पळ काढला. चोरी म्हणावी तर ती सखुबाईच्याच जावयासाठी होती.

खाडीच्या वळणावर तिवरांच्या आडोशाला मला डांबर फासलं. जुन्या पिंपाच्या लोखंडी पट्ट्या अंगावर ठोकल्या. मागचं तोंड लाकडाने बुजवलं आणि खाली बैलगाडीची दोन चाकं दिली. ओहोटीच्या डबक्यात मी स्वतःला पाहिलं आणि खरं सांगतो, मला माझीच भीती वाटली.

निघायच्या दिवशी सखुबाई तुळसाला घेऊन पूजेला आली. माझ्या अंगावर काटा असता तर उभा राहिला असता. तुळसा लहानपणापासून माझ्यावर बसून खाडीत पाय सोडायची. तिने मला एकदा पाहिलं, मग परशुरामकडे पाहिलं. परशुराम आभाळात काहीतरी शोधत होता. तुळसाने मान खाली घातली आणि मला हळदीचं बोट लावलं. तिचे खांदे हलत होते. सखुबाईला वाटलं, पोर रडते आहे.

सखुबाईने मात्र मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"तांडेल, ही पोकळ वाजते."

"तोफ पोकळच असते, वयनी. भरीव असली तर गोळा जाणार कुठून?"

हे तिला पटलं. तिने मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि जाता जाता म्हणाली, "मेल्या कोनीतरी माजा पन्हळ चोरला. तुला कुटं गावला तो चोर, तर त्याला या तोफेच्या तोंडी दे."

"देतो," भिवा म्हणाला. काळुरामला अचानक खोकला आला तो घोडबंदर मागे पडेपर्यंत थांबला नाही.

समुद्रावर काळुरामला माझा गोलंदाज नेमलं. त्याच्या हातात एक लांब काठी आणि काठीला पेटत्या काथ्याची वात. ती वात शत्रूला लांबून दाखवायची. माझ्यापासून मात्र चार हात दूर धरायची, असा भिवाचा कडक हुकूम होता. मी वाळकं लाकूड, वर डांबर. जिच्याजवळ विस्तव न्यायला बंदी आहे अशी जगातली ती एकच तोफ असावी.

मस्कत सोडल्यावर दोन दिवसांनी, सकाळी, समोरून एक गलबत आलं. त्याच्या नाळेवरही, म्हणजे पुढच्या टोकावर, एक काळी तोफ होती आणि ती नेमकी माझ्याकडे रोखलेली. भिवाने मला तिच्याकडे फिरवलं. दोन्ही गलबतं शीड उतरवून थांबली. पलीकडचा दाढीवाला नाखवा बंदरातल्या हिंदीत ओरडला, "तुम लुटेरा हाय?"

"नाय. तुम लुटेरा?" भिवाने विचारलं.

"हम पैले पूछा."

"हम बी पूछा."

यानंतर दोन्ही गलबतं तोफा रोखून तशीच लाटांवर डुलत राहिली.

मला मात्र समोरच्या तोफेकडे पाहताच कळलं होतं. ते खजुरीचं खोड होतं. झाडाला झाड ओळखू येतंच, त्यातून आम्ही लांबचे भाऊबंद. पण मघाशी सांगितलं ती माझी अडचण इथेही आड आली. ऊन चढलं, तेव्हा काळुराम डोळे बारीक करून म्हणाला, "तांडेल, त्यांची तोफ गळते."

"गप. आपली बी गळते."

दोन्ही तोफांवरून काळे ओघळ येत होते. खाली दोघींची लाकडं तपकिरी दिसायला लागली होती. इकडचे तिकडे पाहू लागले, तिकडचे इकडे. पहिल्यांदा हसला तो पलीकडचा नाखवा. मग असं हसू पिकलं की दोन गलबतं शेजारी आणून दोर बांधेपर्यंत कोणाला सरळ उभं राहता येईना. तोही बिचारा खजूर घेऊन निघालेला व्यापारी होता आणि आमच्यासारखाच घाबरलेला.

तेवढ्यात उत्तरेकडून खरे लुटारू आले. तीन लांब होड्या, वल्ही मारणारी पन्नास-साठ माणसं आणि पुढच्या होडीवर पितळेची तोफ. ती काही गळत नव्हती. धूर निघाला, आवाज आला आणि गोळा आमच्या अलीकडे पाण्यात पडला. आता आम्ही उत्तर द्यायला हवं होतं. परशुरामच्या ओठांवर तुळसाचं नाव होतं, ते मी जवळून ऐकलं.

"तांडेल, गोळा आला," काळुराम म्हणाला.

"बघितला. भात शिजला का?"

"शिजलाय."

"मग वाढ. सगळ्यांना बसव. त्यांना पन बोलाव."

काळुराम तोंड उघडं टाकून पाहत राहिला. भिवा शांतपणे म्हणाला, "आपल्याकडं उत्तर नाय. ज्याच्याकडं उत्तर नसतं त्यानं घाई करू नये. जेवायला बस."

मग मित्रांनो, आखाताच्या तोंडाशी, लुटारूंच्या डोळ्यांदेखत, दोन गलबतांची पंगत बसली. आमचा भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण, त्यांचा खजूर. काळुराम माझ्या पाठीवरच मांडी घालून बसला. वात चार हातांवर सुरक्षित जळत होती.

"तांडेल, माजा घास आत जात नाय," परशुराम कुजबुजला.

"आत नको जाऊ दे. तोंड हलव. लांबून त्यांना तोंडच दिसतं."

दुसरा गोळा पडला, तो थोडा जवळ. नाखव्याने मागे वळून पाहिलं आणि आणखी कालवण मागितलं. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. होड्या थांबल्या. त्यांच्यात वाद सुरू झाल्याचं लांबूनही दिसत होतं. गोळा आला तरी जेवणावरून न उठणारी माणसं, त्यात दोन-दोन तोफा. यांच्याजवळ नक्की काय आहे? त्यांनी घटकाभर विचार केला. आम्ही घटकाभर तोंड हलवलं. आणि मग ती वल्ही उलटी चालू लागली. होड्या ठिपक्याएवढ्या झाल्या, तेव्हा परशुरामने तो पहिला घास गिळला. त्यानंतर तो एवढा जेवला की काळुरामला दुसरा भात चढवावा लागला.

आम्ही खजूर घेऊन चैत्रात परत आलो. बंदोबस्ताचं श्रेय सगळं मला मिळालं. सखुबाईने आमची वाट न पाहता बाळकुम, ढोकाळी, माजिवडे आणि कोलशेत अशा चार गावांत सांगून टाकलं होतं की लग्नाच्या अक्षता पडताना जावयाची तोफ वाजेल. हे ऐकून भिवाला ताप भरला. हळदीच्या दिवशी परशुरामने अंगाला हळद असतानाच सखुबाईला माझ्यापाशी आणलं.

"मामी, ही तोफ नाय. तुमचा पन्हळ हाय. चोर मी, तांडेल आन काळुराम."

सखुबाईने माझ्या तोंडात हात घातला, आत नवऱ्याच्या पटाशीचे घाव चाचपले आणि हात तिथेच ठेवला.

"याच्या भरवशावर गेल्याव तुमी?"

"हां, मामी."

"आन आयल्याव बी."

"हां."

तिने हात बाहेर काढला, पदराने पुसला. "मंग ही तोफच झाली. चार गावांना सांगितलंय मी. वाजंल."

कल्याणहून शोभेच्या दारूचा कारागीर बोलावला. त्याने मला पाहून कपाळाला हात लावला. मग सखुबाईकडे पाहून तो हात काढला आणि कामाला लागला. लग्नाच्या दिवशी धवलारीण मांडवात धवले गात होती, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी, जी पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तुळसा एकदा परशुरामकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. माणसं पन्नास पावलं मागे सरली. शेवटचा धवला संपला, अक्षता उडाल्या आणि काळुरामने आयुष्यात पहिल्यांदा ती वात माझ्यापर्यंत आणली.

मित्रांनो, ते कसं होतं हे मला सांगता येत नाही, कारण त्याच क्षणी मी दोन झालो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चिरलो. एक अर्धा नवरीच्या मांडवाकडे पडला, दुसरा नवऱ्याच्या वऱ्हाडाकडे. बाळकुमची बदकं म्हणे दोन दिवस खाडीतून बाहेर आली नाहीत. धूर विरला, तेव्हा चारही गावं माझे दोन तुकडे बघत होती. सखुबाईने कमरेवर हात ठेवला.

"बघितली? खरी तोफ. एकदाच वाजते."

ढोकाळीचा पाटील आपल्या माणसांना म्हणाला, "आपल्याकडं अशी नाय." त्यानंतर तीन वर्षं तो त्या तोफेच्या चौकशीत होता.

माझा एक अर्धा सखुबाईने बांधावर नेला. तो अजून उघड्या पन्हळाचं काम करतो. दुसरा, म्हणजे मी, तुळसाने मागून घेतला. तिची चार मुलं मला धरून चालायला शिकली. तोफ म्हणून मी जो एक बार काढला त्याने कोणी मेलं नाही, एक लग्न लागलं. पितळेच्या किती तोफांना असं म्हणता येईल, ते तुम्ही मोठे झाल्यावर बघा. त्या दोन शेखांचंही पुढे जुळलं म्हणतात.

आता एक मागणं आहे. माझ्यावर बसा, पाय हलवा, बोरं खा. कोयत्याने नावं मात्र कोरू नका, आणि दिवाळीत फटाके आत घालू नका. एकदा झालं तेवढं पुरे. खालच्या बाजूने मला वाळवी लागू लागली आहे. पावसाळ्याच्या आधी दोघा-तिघांनी मिळून मला पडवीत ओढून घ्या. एका ओंडक्याला एवढं काय जपता, असं कोणी विचारलं, तर सरळ सांगा की तोफ आहे, दारू भिजू नये म्हणून आत घेतो.