बारीक आट्यांचा बल्ब

हेमांगीने रुमालात गुंडाळलेला बल्ब काउंटरवर ठेवला आणि बोटं पुन्हा एकदा नाकाशी नेली. गावाकडून निघताना तिने दोनदा साबण लावला होता. वास गेला नव्हता. आंबूस, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर.

“असाच द्या. फ्रिजचा आहे.”

भिकन इलेक्ट्रिकवाल्याने बल्बकडे न बघताच मागच्या फळीवरून खोका ओढला. “घ्या ताई. आख्खं भडगाव हाच नेतं.”

“हा पिनेचा आहे. मला आट्यांचा हवा.”

“मग हा.”

“हे आटे जाड आहेत. फ्रिजचा होल्डर बारीक असतो. चौदा मिलिमीटरचा.”

“मिलिमीटर!” भिकनने बाकावर पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. “आयका गिरधरआबा, आते बल्बलेबी माप लागस.”

“तुन्हं डोकं मोज पहिले,” पेपरमागून आवाज आला. “ती सांगी ऱ्हायनी ते दे.”

मग बारीक आट्यांचे खोके निघाले. पहिला मेणबत्तीच्या आकाराचा, झुंबरात लावायचा. हेमांगीने त्याची लांबी बोटाने मापली. हा लावला तर वरचं प्लॅस्टिकचं झाकण बसणार नव्हतं. दुसरा बेताचा होता, पण लाल.

“देवघराला नेतात लोक. फ्रिजलाबी चालेल. फ्रिजमधी काय वाचायचं आहे?”

“लाल उजेडात हिरवं काळं दिसतं,” ती म्हणाली. “मला जसं आहे तसं दिसायला हवं.”

शेवटी पांढऱ्या उजेडाचा, सुपारीएवढा एलईडी सापडला. भिकनने तो बोर्डावर लावून दाखवला, आणि हातासरशी तिने आणलेला जुनाही लावला. तोही लागला.

“ताई, हा तर चालू आहे!”

हेमांगी त्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिली. आई म्हणाली होती, गेला म्हणून काढला. देव्हाऱ्याच्या खणात कापसात ठेवला होता.

“असू दे,” ती म्हणाली. “दोन्ही द्या.”

श्रावणातल्या कानबाईच्या सणापासून पोळ्यापर्यंत तिच्या आईला, सुनंदाबाईंना, दोनदा सलाईन लावावं लागलं होतं. जुलाब, उलट्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी हेमांगीला जळगावला फोन केला. शिळंपाकं काही खाताहेत का, बघा. आता तिसऱ्यांदा असं झालं तर या वयात मूत्रपिंडं साथ देणार नाहीत. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे तास होते, ते दुसऱ्यांवर सोपवून ती आज सकाळी आली. येताच तिने फ्रिज उघडला. स्वयंपाकघराला खिडकी नाही, फ्रिजमध्ये दिवा नाही. दुधाचं पातेलं शोधताना तिची बोटं कशात तरी बुडाली. मऊ, केसाळ, गार. ती मोबाइलचा टॉर्च लावेपर्यंत आईने दार ढकलून लावलं होतं. “तू पाव्हनी शे. बठ, मी चहा करस.”

तेव्हा तिने मनाशी निदान करून टाकलं होतं. अंधारात हात घालून काढणाऱ्या बाईला आपण काय खातो ते दिसत नाही. होल्डर रिकामा आहे. बल्ब आणायचा, एवढंच.

ती परतली तेव्हा सुनंदाबाई उंबऱ्याशी गिलकी चिरत होत्या. मनगटावर सलाईनच्या सुईची निळी खूण अजून होती.

“बल्बसाठे भडगाव गयती?” त्या म्हणाल्या. “माले काय फ्रिजमा अभ्यास कराना शे का?”

“करायला लावणारच आहे,” हेमांगी म्हणाली आणि आत गेली.

प्लग काढून तिने बल्ब फिरवला. आटे पहिल्या झटक्यात बसले. प्लग लावून दार उघडलं, आणि ती एक पाऊल मागे सरकली.

वरच्या कप्प्यात ताटलीत कानबाईच्या नैवेद्याचे रोट होते. खालच्याही. बाजूला गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचं पातेलं; भाजीवर पांढरी साय धरल्यासारखी बुरशी, मधे फुगलेले बुडबुडे. खिरीला राखाडी लव आली होती आणि तिच्यातच सकाळच्या तिच्या बोटांच्या खुणा. रोटांवर हिरवे, काळे, एका कडेला केशरी ठिपके. अशी बुरशी ती मुलांना काचेच्या बशीत दाखवत असे, नावानिशी, थोड्या कौतुकानेही. इथे ती नावं आठवायला थांबली नाही. तिने पदराने तोंड दाबलं.

मग तिला दिसलं की वरच्या ताटलीतला एक रोट मोडलेला आहे. मोडलेल्या कडेवर बुरशी नव्हती. कड ताजी होती.

“माय!”

सुनंदाबाई विळी आडवी करून आत आल्या. उजेडाकडे पाहताच त्यांनी मान फिरवली.

“हे कोणी खाल्लंय?”

“मीच. आनखी कोन शे घरमा?”

“हे? हे असलं?”

“वरलं वरलं खरवडी टाकस.”

हेमांगीला ओकारी आली. ती मोरीपर्यंत गेली, काही पडलं नाही. तोंड धुऊन आली तेव्हा आई फ्रिजकडे पाठ करून तशीच उभी होती.

कानबाईच्या दिवशी तिने फोन केला होता. “बठ्ठा उनथात,” आई म्हणाली होती, हसत, मागे भांड्यांचा आवाज होता. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून केलेले रोट. ते भाऊबंदांतच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. हेमांगी सासरच्या आडनावाची. तिला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. वाटे होते ते तिच्या भावांचे, पुण्याच्या जितेंद्रचे आणि सुरतच्या ललितचे, त्यांच्या मुलांचे.

“सगळे आले होते म्हणालीस ना?”

“येनार व्हतात. जितूनी गाडी बिघडनी. ललितले सुट्टी नही भेटनी.”

“आणि तू त्यांचे वाटे खात बसलीस. दोनदा सलाईन लागलं, माय! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?”

“टाकी दिधात, अन् पोरेसले काही व्हयनं मंग?”

फ्रिजचं दार उघडंच होतं. पांढऱ्या उजेडात आईचे पाय दिसत होते, सुजलेले, घोट्याशी चकाकणारे.

“लाईट बंद कर ना वं,” सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. “दिखनं का घास गयाखाले उतरत नही. म्हनीसन तं काढा व्हता मी तो बल्ब.”

हेमांगीने दार लावलं नाही. तिने फोन काढला, जितेंद्रचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“बोल हेमा. पटकन. मीटिंगला बसतोय.”

“कानबाईचे तुझ्या वाट्याचे रोट इथे पडलेत. सडलेत. काय करू?”

“रोट? अजून?” तो मोठ्याने हसला. “अगं फेक ना मग! त्यात विचारायचं काय? आणि मायला सांग, पुढच्या वर्षी हे करूच नको म्हणावं. कोण खातं? पोरं तर हातपण लावत नाहीत. पिझ्झा मागवला की झालं. ठेवू?”

त्याने ठेवला.

कोपऱ्यात फ्रिजची घरघर तेवढी चालली होती. त्या हसऱ्या फोनमागे आई एकटीच भांडी वाजवत होती, हे हेमांगीला आता कळलं, आणि जितेंद्रच्या हसण्याची मघाच्या बुरशीपेक्षाही जास्त किळस तिच्या अंगभर पसरली. आईकडे बघायचं तिने टाळलं. ती रडेल, असं तिला वाटलं होतं.

“आवाज बसना त्याना,” सुनंदाबाई म्हणाल्या. “गार पानी पेस तो.”

मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “फेक मंग.”

हेमांगीने वरची ताटली जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. एक रोट चिकटून राहिला, तो तिला उलथण्याने काढावा लागला. पुडी बांधून ती खालच्या कप्प्याकडे वळली. तिथे आईचा हात आधीच पोचला होता.

“या राहू दे. या ललितना शेतस.” सुनंदाबाईंनी ताटली बाहेर ओढली. “त्याले कोठे इचारं आपण?”

त्या फ्रिजला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी ताटली मांडीवर घेतली. हेमांगीने सुरतेचा नंबर लावला. घंटी वाजू लागली. ती वाजतच राहिली. सुनंदाबाई फोनकडे कान देऊन बसल्या होत्या, आणि एका हाताने रोटांवरच्या माश्या वारत होत्या.