लाल दोऱ्याची बाटली

जावई हळू आवाजात फोनवर बोलायला लागला की माझे कान टवकारतात. त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन तो कुणाला तरी सांगत होता, "आईंना यातलं काही कळता कामा नये." आई म्हणजे मी, त्याची सासू.

माझा उजवा खुबा पार झिजलाय. उठताना अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून लेकीने मला तिच्याकडे आणून पुढची खोली दिली होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. हाडात धातूचा सांधा बसवणार आणि त्या धातूवर काचेचा लेप. हा लेप चढवायचा उद्योग नेमका आमच्या जावयाचा, आणि माझा सांधाही त्याच्याच कारखान्यातून येणार होता.

काच! माझं उभं आयुष्य एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेलं. पत्र्यावर काच चढवायची, भट्टीत भाजायची आणि टवका, तडा, डाग दिसला की भांडं बाद. तिथे मला सगळे भिंगबाई म्हणायचे. धातू आणि काच यांचा संसार किती नाजूक असतो ते मला कुणी सांगायला नको. भट्टीतून निघाल्यावर दोघं सारखी आकसली नाहीत की तडा गेलाच. जावयाला मी रोज जेवताना विचारायची, "टवका उडाला तर? हाडात शिरला तर?" तो घास गिळायचा आणि लेकीकडे बघायचा.

शिवाय त्याची ती घाई! "आई, आता टाळू नका," म्हणून नुसता मागे लागला होता. म्हातारी चालती झाली की पुढची खोली रिकामी, दुसरं काय? लेकीला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच असतं हं, आई."

पण तो फोन ऐकला आणि मी ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्याच संध्याकाळी त्याला गाठलं. "जावईबापू, मला नमुना दाखवा. नाहीतर मी ऑपरेशनला यायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने नखाएवढ्या दोन चकत्या आणल्या. धातूच्या, वर काचेचा थर. एक रोजच्या मालातली, दुसरी माझ्या सांध्याबरोबर, त्याच लेपाने, त्याच भट्टीत भाजलेली. सोबत शरीरातल्यासारख्या खारट पाण्याच्या दोन बाटल्या.

"यात बुडवून अंगाइतक्या उबेत ठेवा, आई. काही दिवसांनी त्यांच्यावर..."

"मला शिकवू नका. काच कशी तपासायची ते मला कळतं."

माझ्या चकतीच्या बाटलीला मी लाल दोरा बांधला आणि दोन्ही बाटल्या माझ्या शेकायच्या विजेच्या गादीखाली ठेवल्या. गादी अगदी मंद ठेवली. जावयाला हात लावू दिला नाही. कामावर जाताना तो नुसता डोकावला तरी मी गादीवर हात ठेवायची.

रविवारी सकाळी बाटल्या काढल्या. रोजच्या मालातली चकती पार बिघडली होती. चमक गेलेली, वर पांढुरकी साय धरलेली. काच चक्क विरघळत होती! आमच्याकडे असलं भांडं थेट भंगारात गेलं असतं. लाल दोऱ्याची मात्र लखलखीत. म्हणजे लोकांना हा असला माल आणि सासूपुरता चांगला! हेच मला कळता कामा नये होतं तर.

मी दोघांना हाक मारली. "पकडलं की नाही? ही विरघळणारी काच तुम्ही लोकांच्या हाडांत घालता. आणि ही माझी बघा, कशी आहे! हीच बसवा. मी तयार आहे."

जावयाने लाल दोऱ्याची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. मग झटकन दुसरी उचलून तिच्या शेजारी धरली.

"उलटं आहे, आई. वरची काच मुद्दाम मऊ केलेली असते. ती शरीरात हळूहळू विरघळते, तिच्यावर ही साय धरते आणि हाड त्या सायीला पकडतं. तुमच्या चकतीवर काहीच धरलं नाही. हाड हिला चिकटणारच नाही. सांधा आत हलत राहील."

"मग माझीच अशी कशी?"

तो जमिनीकडे बघत बोलला. "तुम्ही रोज विचारायचात, टवका उडाला तर. माझ्याही मनाने तेच घेतलं. म्हणून तुमच्या वरच्या लेपात मी खालच्या, धातूला धरून ठेवणाऱ्या थराची कडक काच मिसळली. थोडीशीच, घट्ट बसावी म्हणून. भट्टीवाल्याला फोनवर तेच सांगत होतो. तुम्हाला कळलं असतं तर आणखी घाबरला असता."

"आणि कारखान्यातली तपासणी?" लेकीने विचारलं.

"तिथे आईंच्या सांध्याची म्हणून रोजच्या मालातलीच चकती दिली."

त्याने आधी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन थांबवलं, मग कारखान्यातल्या साहेबांना लावला. या वेळी दार उघडंच होतं. "चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि चकतीची अदलाबदलही सांगून टाकली.

मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, हीच बसवा. मी मनात रंगवला होता तसा तो माणूस असता, तर त्याला काहीच करावं लागलं नसतं. फक्त गप्प बसायचं होतं. मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी त्याला लेपाच्या कामावरून काढून गोदामात बसवलं. माझा नवा सांधा दुसऱ्याच कारागिराने केला. त्याच्याबरोबर भाजलेली चकती आणि नवी बाटली मागून घेऊन जावई घरी आला, पण खोलीच्या दारातच उभा राहिला.

मी शेकायची गादी सरकवून पलंगावर जागा केली.

"बस इथे," मी म्हणाले. "आणि बाटल्या आणल्यास त्या दिवशी मी तुला मधेच तोडलं होतं ना, ते वाक्य आधी पुरं कर."