गुहेच्या वाटेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझी एक कड वाळवीने खाल्ली आहे, रंग विटला आहे, हे सगळं खरं. तरी अंगातलं सागवान अजून ठणठणीत आहे.

एका सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि आजोबांच्या, म्हणजे माझ्या पहिल्या मालकांच्या, ताब्यात दिलं. आजोबांची समुद्रकाठच्या सहली काढणारी एक छोटीशी कचेरी होती. सकाळी पाहुण्यांना गाडीत बसवायचं, दीपस्तंभ, माडांची बनं आणि कड्याखालची गुहा दाखवायची आणि अंधाराच्या आत सुखरूप परत आणायचं, हा त्यांचा धंदा. गुहेकडे जायला खडकांतून एकच वाट. ओहोटीला ती कोरडी असते, भरती आली की तिथे पुरुषभर पाणी. म्हणून आजोबा आदल्या संध्याकाळी माझ्यावर खडूने लिहायचे, गुहेतून किती वाजता बाहेर पडायचं ते.

काय माझा मान होता तेव्हा! पाहुणे चहाचा कप हातात धरून आधी मला वाचायचे. आजोबा म्हणायचे, "माझं ऐकलं नाहीत तरी चालेल, ह्याचं मात्र ऐका." मी अस्सा फुगायचो! आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलानेही माझा मान राखला. ह्यांना सगळे बाबा म्हणतात.

मग बाबांची मुलगी हाताशी आली. पोरगी गुणाची, पण घाई तिच्या पाचवीला पुजलेली. बाबा तिला तुफानबाई म्हणतात ते उगाच नाही. तिने कचेरी रंगवली, नवे पडदे लावले आणि मला भिंतीवरून उतरवलं. "बाबा, भरतीच्या वेळा आता फोनवर दिसतात. हा कशाला हवाय?" असं म्हणत तिने मागच्या खोलीत दोन स्टुलांवर मला आडवं टाकलं आणि सामान बांधायचं टेबल केलं. माझ्या तोंडावर पाण्याच्या बाटल्या! दोन वर्षं मी धूळ खात पडलो होतो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

यंदा बाबांचा गुडघा धरला. डॉक्टरांनी खडकांवर चढायला साफ मनाई केली. तेव्हा ठरलं, उद्याची सहल तुफानबाई एकटी नेणार. तिची पहिलीच. पाहुणे चौदा, त्यांत तीन लहान मुलं.

संध्याकाळी तयारीला नुसता ऊत आला होता. औषधांची पेटी, टोप्या, शिटी, दोर, छत्र्या, सगळं माझ्यावर येऊन पडत होतं. बाबा खुर्चीत गुडघा शेकत बसले होते. 

"भरतीची वेळ घेतलीस ना?" त्यांनी विचारलं.

"घेतली हो बाबा! किती वेळा विचाराल?"

बाबांचं समाधान झालं. ती मात्र वहीत लिहिताना पुटपुटली, "साडेबारापर्यंत वाट मोकळी. म्हणजे जेवण गुहेतच उरकू." मला ओरडून तिला थांबवावंसं वाटलं. पण फळ्याला वाचा कुठे असते?

तेवढ्यात गाडीवाले काका बर्फाची पेटी उचलायला आले. पेटीचं झाकण सैल होतं. उचलताना ती कलंडली आणि पाणी भसकन माझ्या अंगावर.

"अहो काका, काय हे!" ती फडकं घेऊन धावली आणि मला खसाखसा पुसू लागली. दोन वर्षांची धूळ निघाली आणि तिने कधी नीट न वाचलेली कोपऱ्यातली पिवळी अक्षरं वर आली. आजोबांनी ती ऑइल पेंटने लिहिली होती, कुणी पुसू नयेत म्हणून. "भरतीची छापील वेळ बंदराची. गुहेसाठी पाऊण तास आधी."

तिचा हात थांबला. "बाबा, हे काय आहे?"

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, फोनवरचीही वेळ बंदराचीच, आणि बंदर खाडीच्या आत आहे. तिथे पाणी उशिरा पोचतं, गुहेपाशी आधी येतं. पाऊण तास मी मनातल्या मनात वजा करतो. मला वाटलं, तुला ठाऊकच आहे."

"आणि मला वाटलं, फोनवर आहे म्हणजे झालं." ती मटकन खाली बसली. "बाबा, मी त्या मुलांना घेऊन तिथे जेवत बसले असते."

 काका पेटी खाली ठेवत म्हणाले, "बसले असते ना? बसलीस तर नाहीस! चल, उठ, बेत बदल."

ती उठली. डोळे पुसले आणि वहीतलं पान टराटरा फाडलं. आधी गुहा, पावणेबाराच्या बऱ्याच आधी बाहेर, जेवण वर दीपस्तंभापाशी. मग तिने पूर्वीसारखं खडूने माझ्यावर लिहिलं आणि बाबांकडून दोनदा तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशीची हकीकत मी काकांच्याच तोंडून ऐकली. दीपस्तंभापाशी सगळे जेवत होते. बारा वाजून गेले होते. एका छोट्या मुलीने कठड्यावरून खाली बघून विचारलं, "ताई, आपली वाट कुठे गेली?" खाली खडक दिसत नव्हते, नुसतं पाणी होतं. तुफानबाईने त्या मुलीला जवळ ओढलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग तिने चौदाही माणसं पुन्हा मोजली, असं काका म्हणाले.

संध्याकाळी ती परतली ती थेट बाबांसमोर येऊन बसली. "बाबा, आणखी काय काय मनातल्या मनात करता?"

बाबा आधी हसले. मग विचारात पडले आणि सांगू लागले. कुठला खडक शेवाळाने निसरडा, कुठल्या वळणावर दरड सैल, कुठल्या झाडात गांधीलमाश्यांचं पोळं. ती लिहीत गेली. मी काठोकाठ भरलो, तरी बाबांचं संपेना.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्या एकदा पुसून बघा. आणि तुमच्या घरात एखादं माणूस सगळं मनातल्या मनात करत असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. ते लपवून ठेवत नाही हो. आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसतं.