ऑगस्ट म्हणजे आदरणीय

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीचे वडील सर्कशीत ऑगस्ट होते. सर्कशीत दोन विदूषक असतात. एक पांढऱ्या तोंडाचा, शहाणा; दुसरा लाल नाकाचा, ढगळ विजारीचा, सतत पडणारा आणि शहाण्याच्या थपडा खाणारा. या दुसऱ्याला म्हणतात ऑगस्ट. सर्कस सुटली तरी नाव काही सुटलं नाही. शेजारीपाजारीही त्यांना ऑगस्टच म्हणत.

मुलीला लहानपणापासून याची लाज वाटायची. लग्न ठरत आलं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी ते नाव ऐकलं. ते इतिहासाचे प्रोफेसर. एकदम खूश झाले. "वा! रोमच्या पहिल्या सम्राटाची पदवी! आदरणीय, असा अर्थ होतो. महिन्याचं नावही त्याच्यावरूनच पडलं. काय करायचे वडील?"

"कंपनीत होते. फिरतीचं काम," ती म्हणाली. होणाऱ्या नवऱ्यालाही तिने हेच सांगितलं होतं.

मग एकदा दोन्ही घरची माणसं एकत्र जेवायला बसली. बाबांनी इस्त्री केलेला कोट घातला होता. सूपचा थेंबही त्यावर सांडू नये म्हणून ते जीव मुठीत धरून चमचा उचलत होते.

"हे नाव तुम्हाला दिलं कुणी?" प्रोफेसरांनी विचारलं. "घरात कुणाला इतिहासाचं वेड होतं का?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्यांच्या काय ते लक्षात आलं.

"छे हो," ते हसले, "ऑगस्टमध्ये जन्मलो, एवढंच."

त्यांचा जन्म मार्चमधला. तिची लाज त्यांना जणू कधीचीच ठाऊक होती, इतक्या सहज ते खोटं बोलले होते. तिला राहवेना.

"नाही," ती म्हणाली. "बाबा सर्कशीत विदूषक होते. त्यांना ऑगस्ट म्हणतात. मी लपवलं."

होणारा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. सासूबाई भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतू लागल्या. "असाही अर्थ आहे होय?" प्रोफेसर चाचरत म्हणाले. बाबांचे कान लाल झाले होते.

घरी परतल्यावर दाराशीच बाबा म्हणाले, "तुला माझी लाज वाटते, हे मी कधीच गिळलं होतं. पण आज चारचौघांत तू मला खोटं पाडलंस. सर्कशीत थप्पड कधी बसणार, ते आधी ठरलेलं असायचं गं."

"चुकलं माझं, बाबा."

"नेमकं काय चुकलं?"

ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली.

लग्न झालं. नवऱ्याचा राग हळूहळू निवळला. प्रोफेसर आता व्याह्यांना सर्कशीचे किस्से खोदून खोदून विचारतात आणि बाबाही उभे राहून, हातवारे करत ते सांगतात. पण लेक खोलीत आली की मध्येच थांबतात, खुर्चीवर नीट बसतात. थांबू नका ना, असं तिच्या अगदी ओठांवर येतं. ती चहाचे कप गोळा करते आणि आत निघून जाते.